डावीकडच्या दोन खुर्च्या

माझं आणि आमच्या ताईंचं कधी फारसं पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक केलं, तर घरातल्या म्हणून करते असं कुणाला वाटायला नको. नणंदेचं उगाच कौतुक करणारी भावजय अजून जन्माला यायची आहे.

ताई एकतीस वर्षं बोटीच्या धक्क्यावर तिकीटखिडकीत बसल्या. या काठावरून त्या काठाला जाणारी बोट, दर वीस मिनिटांनी एक. त्यांच्यामागे आम्ही त्यांना 'खिडकी' म्हणतो आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. रांगेच्या बाबतीत त्या प्रत्यक्ष देवालाही मागून यायला सांगतील. त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे आमचे हे, तरुणपणी नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते. बोट सुटायला चार मिनिटं, पुढे अकरा माणसं. हे सरळ खिडकीशी गेले आणि म्हणाले, "ताई, दे ना पटकन एक." ताई म्हणाल्या, "मागून या." बोट गेली, नोकरीही गेली. आणि ही गोष्ट सासूबाईंनी मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कौतुकाने सांगितली! मी तेव्हाच ओळखलं, या घरात आपलं काही खरं नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. तिकीट फाडण्याआधी त्या माणसाकडून सगळं वदवून घ्यायच्या. कुठे? किती? नुसतं जायचं की जाऊन-येऊन? समोरच्याने तोंडाने 'हो' म्हटल्याशिवाय तिकीट फाटायचं नाही, कारण फाडलेलं तिकीट परत घेत नसत. एकतीस वर्षांत आपल्या खिडकीची एकही तक्रार नाही, हे त्या आजही छातीठोकपणे सांगतात.

त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, त्याच बोटींच्या इंजिनखोलीत मिस्त्री होते. अगदी शांत माणूस. ताईंबरोबर संसार करायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? इंजिनाच्या धडधडीत आयुष्य गेलं आणि त्यात कान गेले. डावा कधीच बंद पडला, उजवा आता चाललाय. गेल्या हिवाळ्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, "वर्षभर धरून चला. त्यानंतर मशीन लावूनही फारसा उपयोग व्हायचा नाही." भाऊजींनी हसून मान डोलावली. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. ते वाक्य ताईंनी घरी आल्यावर कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवलं.

भाऊजींना विडीकाडीचं व्यसन नाही, पत्ते नाहीत, काही नाही. शौक एकच, गाणं, आणि तेही एकाच बाईंचं. इंजिनखोलीत दिवसभर त्या बाईंची गाणी शिट्टीवर वाजवायचे. पण समोर बसून कधी ऐकणं झालं नाही. कधी कामाची पाळी आडवी आली, कधी मुलीचं आजारपण. मग त्या बाईंनीच गाणं थांबवलं. आणि बारा वर्षांनी यंदा पेपरात आलं की बाई पुन्हा गाणार, आपल्याच शहरात, एकच संध्याकाळ. तिकिटं फक्त ऑनलाइन, शनिवारी सकाळी दहापासून.

जिन्यापलीकडे समोरच राहणाऱ्या ताईंनी येऊन पेपर माझ्यापुढे आपटला. "हे ऐकतील. कान आहे तोवर समोर बसून ऐकतील."

"अहो ताई, चुटकीसरशी संपतात ती तिकिटं. लोक चार-चार फोन घेऊन बसतात."

"आयुष्यभर तिकिटंच विकलीत मी."

"विकलीत हो. घेतलीत कुठे?" मी म्हटलं. त्यांनी अशी काही नजर टाकली की मी मुकाट्याने चहा टाकायला उठले.

शनिवारपर्यंत त्यांनी तयारी केली ती एखाद्या परीक्षेला बसल्यासारखी. सभागृहाचा नकाशा बघून ठेवला. भाऊजींचा उजवा कान मंचाकडे यायला हवा, म्हणजे खुर्च्या डाव्या बाजूच्याच हव्यात, हे त्यांनी आमच्याच बैठकीत खुर्च्या मांडून, भाऊजींना त्यांवर बसवून पक्कं केलं. भाऊजी बिचारे उठ म्हटलं की उठत होते, बस म्हटलं की बसत होते.

शनिवारी आम्ही तिघं तीन फोन घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. दहा वाजले आणि साइटने प्रत्येकाला रांगेतला नंबर दिला. आमच्या ह्यांचा नऊ हजार, ताईंचा अठरा हजार चारशे सहा, माझा तर विचारूच नका. पाच मिनिटं आकडा हलला नाही, तसे हे अस्वस्थ झाले आणि पान बंद करून पुन्हा उघडलं. नंबर आला एकसष्ट हजार.

"रांग सोडलीस?" ताई म्हणाल्या. "भोग आता."

त्या मात्र तासभर जागच्या हलल्या नाहीत. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा नंबर लागला आणि समोर नकाशा उघडला. डावी बाजू, सातवी ओळ, कुणीतरी नुकत्याच सोडलेल्या शेजारशेजारच्या दोन खुर्च्या! त्यांनी बोट टेकवलं, खुर्च्या हिरव्या झाल्या आणि वर पाच मिनिटांचं घड्याळ उलटं धावू लागलं. तारीख बरोबर, वेळ बरोबर, नावं बरोबर. आता फक्त पैसे भरायचे बाकी होते. मी तर मनातल्या मनात टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती.

आणि आमच्या खिडकीने फोन टेबलावर ठेवला, खुर्ची वळवली आणि मागे बसलेल्या भाऊजींना विचारलं, "अहो, किती? दोन ना? डावीकडची?"

भाऊजींनी मशीन काढून ठेवलं होतं. ते कानात सूं सूं करतं म्हणून सकाळचं काढूनच ठेवतात. "काय?"

"दोन! डावीकडची! चालेल?"

"नको, आत्ताच झाला माझा चहा."

"ताई, भरा पैसे!" मी ओरडले. "विचारताय काय त्यांना?" पण ताईंना ऐकू येईल तर शपथ. त्यांनी बोटं दाखवली, हातवारे केले, शेवटी पेन्सिल शोधून कागदावर लिहिलं. भाऊजींनी चष्मा शोधला, वाचलं, आणि तोंडभर हसून म्हणाले, "हो, हो." ताई समाधानाने फोनकडे वळल्या. फोनवर लिहिलं होतं, आपली वेळ संपली आहे. नकाशात एकही खुर्ची उरली नव्हती.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हातातोंडाशी आलेला घास! मी बोलले, नको नको ते बोलले. ही काय तुमची बोट आहे का, म्हटलं.  माझ्या लग्नापासून पहिल्यांदाच ताई उलट बोलल्या नाहीत, तेव्हा मीच घाबरले. फोन पालथा घालून म्हणाल्या, "वहिनी, माझ्याच हातांनी घालवलं गं मी." मला इतकं वाईट वाटलं, की घरी येऊन मी ह्यांच्याशी उगाच भांडले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ताई पुन्हा टेबलाशी, पुढ्यात फोन.

"संपलीत ना तिकिटं?"

"संपलेली तिकिटं परत येतात. कुणाचं लग्न मोडतं, कुणाचा पाय मोडतो. मला नको सांगूस."

मध्ये ह्यांच्या ओळखीतला एक जण दोन तिकिटं द्यायला तयार झाला, तिप्पट भावाने. पैसे आम्ही घालणार होतो. ताईंनी साफ नाही म्हटलं. "असल्या काळाबाजारवाल्यांना मी धक्क्यावरून हाकललंय. एकाला गिऱ्हाईक मिळालं की दुसऱ्या दिवशी रांगेत चौघं उभे राहतात."

"तत्त्वं काय कानात घालायचीत भाऊजींच्या?" मी तडकले.

"आणि ते तिकीट खोटं निघालं तर? दारावरचा माणूस काय ओरडतोय ते ह्यांना कळणार नाही. चारचौघांत नुसते हसत उभे राहतील. ते बघायचंय मला?"  मी ह्यांना त्या माणसाला नाही कळवायला सांगितलं.

पुढच्या तीन आठवड्यांत एकेकटं तिकीट तीनदा दिसलं. मी म्हटलं, घ्या आणि धाडा भाऊजींना. पण भाऊजीच ऐकेनात. "मी एकटा नाही जाणार," म्हणाले. मग ताईंनी खरं ते सांगितलं. हल्ली भाऊजींना चाल कळते, शब्द पोचत नाहीत. रेडिओ लागला की ताई त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन एकेक ओळ सांगतात आणि मग ते मान डोलावतात. इतकी वर्षं समोर राहते मी, मला याचा पत्ता नव्हता! म्हणून दोन हवीत, शेजारशेजारची हवीत, डावीकडची हवीत. तिन्ही वेळा ताईंनी समोर आलेलं तिकीट सोडून दिलं. मी असते तर मिळेल ते घेऊन मोकळी झाले असते.

शेवटचे चार दिवस उरले, तेव्हा ताईंनी सभागृहाच्या ऑफिसात फोन केला. मी शेजारीच होते. पलीकडची मुलगी सवयीने म्हणाली, "मॅडम, सगळं हाउसफुल आहे."

"ते ठाऊक आहे. तुमच्या राखीव खुर्च्या कधी सोडता?"

"कुठल्या राखीव?"

"पाहुण्यांसाठी अडवून ठेवता त्या. आमच्या बोटीवर साहेबलोकांसाठी सहा जागा असायच्या. साहेब आले नाहीत की सुटायच्या आधी मी त्या रांगेला द्यायचे. तुमच्याकडेही कुणीतरी देत असेलच."

मुलगी हसली. मग म्हणाली, "असं आजवर कुणी विचारलं नाही हो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊला सोडतो. साइटवरच. थोड्याच असतात." ताईंनी तिचे आभार मानले आणि तिला जेवायला किती वाजता सोडतात, तेही विचारून घेतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आठ वाजताच मी हजर झाले. ताईंचा नूर वेगळाच होता. कार्ड भाऊजींच्या नावाचं, म्हणून बँकेचा ओटीपीचा आकडा त्यांच्या फोनवर यायचा, आणि फोन वाजला तरी त्यांना कळत नाही. म्हणून त्यांचा फोन ताईंनी आधीच काढून आपल्यापुढे ठेवला होता. भाऊजींना पलीकडच्या खोलीत बसवून दार लोटून घेतलं होतं. मला म्हणाल्या, "तू तोंड उघडलंस तर बघ."

नऊ वाजले. नकाशा राखाडी. नऊ वाजून एक मिनिट, तसाच. नऊ वाजून दोन मिनिटांनी मध्ये चार आणि डावीकडे दोन खुर्च्या उजळल्या. तिसरी ओळ! मधल्या चार माझ्या डोळ्यांदेखत विझल्या. ताईंनी डावीकडच्या दोन टिपल्या, कार्डाचे आकडे न बघता भरले. ते सोळाही आकडे त्यांनी पाठ केले होते. दुसऱ्या फोनवर बँकेचा आकडा आला, तो टाकला, दाबलं. पांढरा पडदा गोल गोल फिरत राहिला. मी पदर तोंडात कोंबून बसले होते. आणि मग आली तिकिटं.

दार ढकलून भाऊजी डोकावले. "काय झालं?"

ताईंनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. भाऊजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि लगेच इस्त्रीचा शर्ट शोधायला गेले. सकाळचे सव्वानऊ वाजले होते!

कार्यक्रमाला मी नव्हते, तेव्हा पुढचं ताईंच्या तोंडचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटल्या. मी विचारलं, "झालं का मनासारखं?"

"बाई आल्या, बसल्या. पहिलं गाणं सुरू झालं. मी ह्यांच्या कानाशी वाकले, ओळ सांगायला. तर ह्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला."

"का हो?"

"म्हणाले, 'गप्प बस गं. येतंय मला ऐकू.'" ताईंनी कठडा धरला. "दोन तास मी एक शब्द बोलले नाही, वहिनी." आणि जिन्याच्या पायरीवर बसून त्या हमसून हमसून रडल्या.