आम्ही आमच्याच घरात पाहुणे

आमच्या मुलाने पुण्याहून येऊन दाराला नवं कुलूप बसवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. किल्ली नको, काही नको. मोबाईलवर बोट टेकवायचं की दार उघडलं. मी पहिल्या दिवशी उगाचच पुन्हा पुन्हा आतबाहेर केलं. यांनी तर खांदा कॉलनीतल्या सगळ्या मित्रांना ते दाखवायला घरी बोलावलं.

मग एका रविवारी आम्ही दोघं उरण नाक्यावरून बोंबील घेऊन आलो. ऊन रणरणतं, यांच्या हातात गळकी पिशवी. मी मोबाईलवर बोट टेकवलं, तर पडद्यावर आलं : "नवीन अटी मान्य करा." केल्या. न वाचताच केल्या, दारात बोंबील धरून कोण वाचतं! मग आलं : "मालकाच्या क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे."

"मालक कोण?" यांनी विचारलं.

मी नीट पाहिलं. मालक म्हणून आमच्या मुलाचं नाव होतं. खाली आम्ही दोघं होतो. गेस्ट एक, गेस्ट दोन.

"गेस्ट दोन मी का?" हे म्हणाले.

इथे मला जे हसू फुटलं, ते थांबेचना. बावीस वर्षं हप्ते फेडलेलं घर, आणि आम्ही बोंबील घेऊन आलेले पाहुणे! हे आधी चिडले, मग तेही हसायला लागले आणि हसता हसता जिन्यावरच बसले.

आवाज ऐकून समोरच्या भाभींनी दार उघडलं. त्यांचे मिस्टर दुबईत असतात, त्या आणि त्यांची सासू इथे. "या अल्ला, काय झालं ताई?" मी सांगितलं. त्यांनी आधी यांच्या हातातली पिशवी घेतली. "हे तर आता टिकणार नाहीत. आत या, मी तळते."

मुलाला फोन लावला, तो उचलेना. मग मी कुलपाच्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, सुरक्षेसाठी आम्ही फक्त ओनरशी बोलू शकतो."

"अगं, मी त्याची आई आहे."

"हो मॅडम, पण तुम्ही गेस्ट आहात."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. भाभी हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांच्या सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्या सारखं विचारत होत्या, "कोण पाहुणे आले?" आणि आम्ही पुन्हा सुरू. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी आणि असं पोट दुखेपर्यंत हसणं, किती दिवसांनी!

शेवटी मुलाचा फोन आला. रविवार असूनही मीटिंगमध्ये होता. त्याने ओटीपी सांगितला, दार उघडलं. मग तो सहज म्हणाला, "आई, दार कधी उघडतं ते मला दिसतं हं. बाबा रोज सकाळी सहाला फिरायला जातात आणि दीड तासाने येतात. एवढा वेळ काय करतात?"

यांचा चेहरा उतरला. नाक्यावरच्या मिसळीची गोष्ट मला त्या दिवशी कळली.

मिसळीवरून मी यांना सोडलं नाहीच, पण मुलालाही सोडलं नाही. म्हटलं, "तू काळजीने बघत असशील, पण आम्हाला विचारलंस का? आम्ही काही शाळकरी पोरं नाही." तो मग म्हणाला, "खरंच माझ्या लक्षात आलं नाही गं." मला वाटतं, दोष एकट्या त्याचा नव्हताच. ते कुलूप बनवणाऱ्याच्या डोक्यात एका घराला एकच मालक होता. शिवाय हल्ली प्रत्येक यंत्र दोनच पर्याय देतं : "आत्ता" आणि "नंतर आठवण करून द्या". "नको" म्हणायला जागाच नसते! ज्याच्या दाराला कुलूप, त्याला "नको" म्हणता आलं पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. ती काही फार मोठी नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगा स्वतः आला. मी आणि भाभींनी त्याला मध्ये बसवून सगळी सेटिंग उघडायला लावली. आम्ही दोघंही मालक व्हावं म्हणून त्याने बरीच खटपट केली. ते कुलूप काही ऐकेना. तेव्हा तोच वैतागून म्हणाला, "आई, स्क्रूड्रायव्हर कुठे आहे?"

जुन्या पनवेलच्या बाजारातून साधं लॅचचं कुलूप आणलं, ते त्यानेच बसवलं. त्याबरोबर तीन किल्ल्या मिळाल्या. एक यांच्याकडे, एक माझ्याकडे आणि तिसरी भाभींच्या फ्रिजवर चुंबकाला लटकते आहे. हे अजूनही सकाळी सहाला फिरायला जातात. किती वाजता आले, ते मी विचारत नाही. अधूनमधून मीच सोबत जाते आणि दोन प्लेट मागवते.