आंबेमोहोर × बुटका

दोन्ही तर्जन्या एकमेकींवर आडव्या धरायच्या आणि म्हणायचं, "हे लगीन हाय शेठ." आबांची ही सवय. कामशेतच्या माझ्या तांदळाच्या दुकानात ते आले, की कुठल्याही गोष्टीवरून गाडी तिथेच यायची.

आबा डोंगरावरच्या वाडीचे. तरुणपणी भाताच्या संशोधन केंद्रावर रोजंदारीला होते. साहेबलोक भाताच्या दोन जातींचा संकर कसा करतात, ते यांनी चिखलात उभं राहून पाहिलं. सकाळी फूल उमलायच्या आत त्याचं टोक कापायचं, आतले सहा केसर चिमट्याने काढायचे, लोंबीला कागदाची पिशवी घालायची. मग दुसऱ्या जातीचा पराग त्यावर झाडायचा. वर चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं.

मी हमालीतून वर आलेला माणूस. पोत्यावर फुली मारली की माल बाद, एवढंच मला ठाऊक. शाळेत गुरुजींच्या लाल पेन्सिलीची फुली म्हणजे चूक. रस्ता रुंद करायचा म्हणून हायवेच्या झाडांवर फुल्या मारल्या, ती झाडं आठवड्यात आडवी झाली.

"फुली म्हणजे संपलं, आबा."

"तुमच्यात संपतं. आमच्यात सुरू व्हतं."

"आणि सुतार चार बाय सहा लिहिताना मधे फुली मारतो ती?"

"त्याचं त्यालाच इचारा." मग म्हणायचे, "पाढ्यात तीच की. दोन आन् तीन शेजारी ठिवले तर पाच. मदी फुली घाला, सा. येक दाना जास्तीचा कुटनं आला, सांगा."

मी चिडायचो. चिडलो की चहा मागवायचो.

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. आंबेमोहोर वासाचा राजा, पण ताट, म्हणजे रोपाचं खोड, उंच. मावळातला वारा आला की लोळतो. वाडीवर एक बुटकं भात होतं, वाऱ्याला न हलणारं, पण बिनवासाचं. दोघांचं लग्न आबांनी लावलं आणि दर वर्षी त्या वंशातल्या निवडक ताटांचं बी पुढे पेरत गेले. दर दिवाळीला मी म्हणायचो, "मूठभर शिजवून तर दाखवा." ते म्हणायचे, "आजून न्हाई. पोरं येकसारखी न्हाई झाली."

आठव्या वर्षी सगळी ताटं एका उंचीची आली. काढणीनंतर आबा दोन पायल्यांची पिशवी घेऊन दुकानात आले. तोंडाला चिठ्ठी बांधलेली. "ठिवा हितं. पेरनीला नेतो."

मी ठेवली. पण जीभ व्यापाऱ्याची. चैत्रात लोणावळ्याचा एक हॉटेलवाला आला. वासाचा तांदूळ हवा, भाव तुम्ही सांगाल तो, म्हणाला. मला पिशवी आठवली. मूठभर भात गिरणी घेत नाही, म्हणून मी अख्खी पिशवी गिरणीत उलटी केली. आबांच्या घरी आणखी असेलच की, असं धरून चाललो. कुठला शेतकरी सगळं बी घराबाहेर ठेवतो?

त्यातला मूठभर दुकानातच शिजवला तेव्हा शेजारचा कापडवाला वास घेत आला. हॉटेलवाल्याने सगळा तांदूळ उचलला आणि आणखी मागितला. मी खूश. आबांना चांगला भाव मिळवून दिला, याच गुर्मीत होतो.

रोहिणीत, पेरणीच्या तोंडावर, आबा आले.

"शेठ, पिशवी द्या."

"पिशवीचं काय घेऊन बसलात? गिऱ्हाईक आणलंय तुमच्या तांदळाला. भाव बोला."

"तांदळाला?" ते पिशवी ठेवली होती त्या कोपऱ्याकडे वळले. "भरडलं? समदं?"

"घरात असेल ना थोडं."

"न्हाई. घरात उंदरं लय. म्हून तर तुमच्याकडं ठिवलं."

मी ओरडलो. चूक माझी असली की माझा आवाज जास्तच चढतो. "सांगायचं नाही? सगळं बी दुसऱ्याच्या दुकानात कोण ठेवतं?"

"दुसऱ्याच्या कुटं? तुमच्या ठिवलं."

मी भांडून मोठा झालो. भांडण झालं की हिशेब मिटतो, माणूस मोकळा होतो. आबांनी तेवढंही दिलं नाही; त्याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही. ते पायरीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "वास आला का?"

तेव्हा लक्षात आलं, आठ वर्षांत त्यांनी स्वतः तो भात चाखला नव्हता. प्रत्येक दाणा बियाण्याला.

"आला. शेजारच्या दुकानापर्यंत."

"मग बरूबर व्हतं," ते म्हणाले आणि उठले.

त्याच पावसाळ्यात त्यांनी चिमटा पुन्हा हातात घेतला. पहिल्यापासून. दुसऱ्या वर्षाची काढणी झाली आणि आबा गेले. छातीत दुखलं म्हणाले, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

दहाव्याला मी वाडीवर गेलो. त्यांच्या बायकोने पत्र्याचा डबा पुढे आणला. आत बियाण्याच्या नऊ पुड्या, प्रत्येकीवर खुणा.

"शेठ, ह्यातलं कुटलं ठेवायचं, कुटलं टाकायचं? तुमाला सांगितलं आसंल त्यांनी."

तीस वर्षं मी तांदूळ विकतोय. एक पुडी उघडली, दाणे तळहातावर घेतले. सगळे मला सारखेच दिसले. बी कसं निवडता, हे मी आबांना कधी विचारलंच नव्हतं.

मग माझ्या हातातले दाणे तिने मोजल्यासारखे उचलून पुडीत घातले आणि डब्याचं झाकण घट्ट दाबून लावलं.