कुत्र्याच्या काळजाचा फोटो
प्रोजेक्टरच्या तापलेल्या दिव्यावर धूळ जळल्याचा वास आला की मला आमच्या गावच्या सोसायटीचं गोदाम आठवतं. दुष्काळामुळं ते रिकामंच होतं, म्हणून चेअरमननं परदेशात शिकून आलेल्या आपल्या डॉक्टर भाच्याचा सत्कार तिथं ठेवला होता. हार, नारळ आणि तीन भाषणं झाल्यावर भाच्यानं भिंतीवर कुत्र्याच्या हृदयाचा, सीटी स्कॅनच्या यंत्रात काढलेला फोटो दाखवला. झटक्यानं मेलेला भाग त्यात काळपट दिसत होता. पुढंच आमचा म्हातारा धनगर बसला होता. मेंढरांमागं फिरताना त्याच्या छातीत दोनदा कळ आली होती, आणि त्यालाही मुंबईला तसल्याच यंत्रात घालणार, असं चेअरमननं नुकतंच माइकवर जाहीर केलं होतं. म्हाताऱ्यानं विचारलं, "डाक्टरसाहेब, कुत्र्याला झटका कशानं आला?" "आम्हीच आणला, बाबा. हृदयाची रक्तवाहिनी बांधून." "आन् फोटो खरा निघाला?" "अगदी तंतोतंत! नंतर हृदय कापून ताडून पाहिलं ना." टाळ्या पडल्या. म्हातारा उठून उभा राहिला. "मग माजा फोटो खरा हाय का न्हाय, ते कसं बघणार?" चेअरमन खेकसले, "अवो, तुमी मेंढरं वळा, डाक्टरकी त्यांना करू द्या!" म्हाताऱ्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि तो बाहेर पडला, मुंबईला काही गेला नाही. आम्ही सगळे पोट धरून हसलो. परवा माझ्याही छातीत कळ आली आणि मला तसल्याच यंत्रात घालण्याआधी संमतीचा कागद पुढं आला, तेव्हा त्यात कापण्याबद्दल काही नाही याची खात्री करूनच मी सही केली.