रुक्माबाईंचं शिळं पाणी

रुक्माबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या आमच्या कळमनुरीच्या शाळेत, रांजण उपडा करताना. मी नुकतीच बदलून आले होते. उन्हाळा होता, पाण्याची ओढ होती, आणि खिचडी शिजवणारी ही बाई आदल्या दिवशीचं निम्मं पाणी कडुनिंबाच्या आळ्यात ओतून रांजण आतून घासत होती.

"अहो, कालच भरलंय ना ते?" मी म्हटलं.

"शिळं हाय, बाई," मान वर न करता त्या म्हणाल्या.

ओळख वाढल्यावर कारण कळलं. त्यांच्या आईला गावच्या विहिरीला हात लावता येत नसे. कोणी ओतेल तेव्हा, ओतेल तेवढं पाणी घरी यायचं. "दोन-दोन दिवस तेच पुरवायचं. तव्हाच ठरवलं, माझ्या घरात कुनी शिळं पाणी पिनार न्हाई."

आता आम्ही दोघीही घरी असतो, एकाच गल्लीत. मी निवृत्त झाले. त्या झाल्या असं म्हणवत नाही. त्यांचे यजमान जळबा टेम्पो चालवायचे. त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणं एखाद्या शब्दावर आलं. तेव्हापासून रुक्माबाई त्यांना उठवतात, अंग पुसतात, भरवतात, चादरी धुतात, आणि ते संपेपर्यंत पुन्हा उठवायची वेळ होते. 'दमले' असं कधी म्हणत नाहीत. फक्त बोलता बोलता मध्येच थांबतात आणि आपण काय बोलत होतो ते मला विचारतात.

गेल्या हिवाळ्यात जळबांनी भिंतीकडे तोंड केलं. हाक मारली तरी वळत नसत. घास तसाच बाहेर येई. मुलगी शीतल नांदेडला नर्स आहे. ती एका सुट्टीला काचेची छोटी टाकी घेऊन आली, शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवली आणि रंगीत शेपट्यांचे चार गप्पी मासे त्यात सोडले. जळबांनी मान वळवली. मासे बघत बघत दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली.

रुक्माबाईंनी टाकीचंही मनावर घेतलं. रोज सकाळी मासे पातेल्यात आणि टाकी अंगणात. काच, दगड, पाणी गाळणाऱ्या यंत्रातला स्पंज, सगळं घासून वर नळाचं ताजं पाणी. पातेल्याला दिसणार नाही अशी चकाकी त्या काचेला होती. तरी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले आणि एकेक उलटा झाला. शेवटचा जळबांच्या डोळ्यांदेखत गेला. ते पुन्हा भिंतीकडे वळले.

शीतल फोनवर म्हणाली, "आई, अजून एकदा आणू. पुन्हा मेले तर टाकी मी घेऊन जाते. बाबांना मरणं दाखवायला नाही आणली मी."

शेजारच्या आशाबाईंना जळबांजवळ बसवून आम्ही दोघी हिंगोलीला गेलो. माशांच्या दुकानातल्या योगेशनं आधी विचारलं, "काकू, टाकी कव्हा धुता?"

"रोज. आळस न्हाई करत मी."

"मंग तिथंच तकलीफ हाय. नव्या टाकीत दगडाला, स्पंजाला बारीक जंतू धरतात, हळूहळू. माशाची घाण तेच खातात. तुमी रोज घासून काढून राहिल्या, मग घाण खाईल कोण? ती पाण्यातच राहते आन् माशाला बाधते."

"म्हंजी जंतू पाळू?"

"व्हय. आधी जंतू, मग मासे."

"आन् पाणी?"

"आठ दिवसाला पाव भाग बदला. नळाचं एकदम न्हाई टाकायचं, त्यातल्या औषधानं कल्ले भाजतात. बादलीत उघडं ठेवा दिवसभर, मग टाका. स्पंज धुतला तर टाकीच्याच काढलेल्या पाण्यात. खाणं चिमटीभर."

"उघडं आन् शिळं," रुक्माबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "बाई, हे पोरगं माझ्या आईच्या घरचं दिसतंय."

योगेशला काही कळलं नाही. त्यानं दोनच मासे दिले, जास्त मागितले तरी.

पुढचे दिवस रुक्माबाईंना फार जड गेले. टाकीतलं पाणी दुधाळ झालं. जळबा त्या धुक्यातून मासे शोधायचे. एका दुपारी, ते झोपलेले असताना, रुक्माबाई माझ्या दारात आल्या. हातात घासणी होती.

"एक मासा वर येऊन राहिला, बाई. मला इथं बसू द्या. घरी राह्यले तर टाकी घासायला हात जाईल."

मी त्यांना आरामखुर्ची दिली. योगेशला फोन लावला. तो म्हणाला, आज खाणं देऊ नका, पाव भाग पाणी बदला, बाकी हात लावू नका. बादली त्यांच्या अंगणात भरलेली होतीच. मी जाऊन चार तांबे काढले, चार घातले. परत आले तर रुक्माबाई मान कलती करून झोपल्या होत्या. घासणी मांडीवर. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं पाहिलं नव्हतं. उठवलं नाही.

ऊन उतरल्यावर त्या दचकून जाग्या झाल्या आणि तशाच घराकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. उंबऱ्यातूनच त्यांनी विचारलं, "हायेत का?"

जळबा जागे होते. तोंड टाकीकडे होतं. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी वर केली.

पाणी पुढे निवळलं, कधी ते कोणाच्या लक्षात आलं नाही. काचेवर हिरवट डाग आहेत. येणारे-जाणारे नावं ठेवतात, रुक्माबाई ऐकून घेतात. जळबा अजून उठत नाहीत, आणि उठतील असं आता कोणी म्हणतही नाही. जेवतात मात्र.

घरातले माठ रुक्माबाई आजही रोज पहाटे उपडे करतात. टाकीला रविवारीच हात लावतात. आणि जळबांचा डोळा लागला की दुपारी माझ्याकडे येऊन त्या खुर्चीत तासभर झोपतात.