सातवा ओगराळा

मुर्वानीबद्दल आमच्या गल्लीत दोन मतं आहेत. एक, ती उद्धट आहे. दोन, ती फार उद्धट आहे. माझं मत तिसरं आहे, पण ते विचारतो कोण? मी रेल्वे फाटकापाशी टेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, आणि केळ्यांची भजी तळणारी बाई. लहानथोर सगळे मला बुदे म्हणतात, म्हणजे थोरली मावशी. भजी फुकट मागायची असली की जास्तच प्रेमाने म्हणतात.

जावा बेटावरच्या आमच्या जोग्जा शहरात या बाजूला ऊन उतरलं की आया, आज्या, मावश्या हातात भाताची वाटी आणि कडेवर पोर घेऊन फाटकावर येतात. घरात बसून जेवेल ते पोर कसलं! इथे गाडी आली की पोर आ वासतं, आणि त्या वासलेल्या तोंडात घास गेलाच म्हणून समजा. गाडी गेली की तोंड बंद. मग पुढच्या गाडीची वाट बघायची, तोवर बायकांनी एकमेकींच्या सासवांचा उद्धार करायचा. माझा धंदा त्यावरच चालतो.

मुर्वानी यायची ती दोन पोरांना घेऊन. धाकटी सेकार खांद्यावरून बांधलेल्या झोळीत, आणि थोरला गिलांग बोटाला. दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री करून तिचे हात भाजलेले असायचे, पण भरवताना तिचा सूर कधी चुकायचा नाही. "हा घास सोलोच्या गाडीचा. हा घास सुराबायाच्या गाडीचा. हा घास मालगाडीचा, मोठा आहे, नीट चाव." सेकार गाडी नसली तरी खायची, हावरट कुठली. गिलांग मात्र शब्दाचा पक्का. गाडी आल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

गिलांग तेव्हा सहा वर्षांचा होता. डोळे जरा तिरके, मान आखूड, जीभ ओठांवर आलेली, बोलणं आईलाच समजेल असं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. मुर्वानी म्हणाली, "नाव आम्ही आधीच ठेवलंय," आणि त्याला घेऊन घरी आली. गिलांग म्हणजे लखलखीत. गाडी दिसली की तो दोन्ही हात वर करून असा काही हसायचा की इंजिनातला माणूससुद्धा भोंगा वाजवायचा.

आमच्याकडे पोटुशी बाई काही विपरीत बघते तेव्हा पोटावरून हात फिरवून पुटपुटते, "आमित-आमित, जाबांग बायी." म्हणजे माफ कर देवा, पोटातल्या जिवावर हे नको येऊ देऊ. साप दिसला तर म्हणतात, प्रेत दिसलं तर म्हणतात. गिलांग दिसला तरी म्हणायच्या.

एकदा खाटकाची नवी सून माझ्या टपरीपाशी असंच पुटपुटली. मुर्वानीने वाटी माझ्या हातात दिली आणि गेली सरळ तिच्यासमोर.

"काय म्हणालीस? मोठ्याने म्हण."

"काही नाही हो, सवयीने आलं तोंडात."

"माझा मुलगा काय खरूज आहे, तुझ्या पोटातल्याला लागायला? आणि समज, लागलाच. रोज संध्याकाळी तुला बघून कोणी एवढं हसतं का घरात? तुझा नवरा हसतो?"

सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. त्या सुनेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण दुसऱ्या दिवशी भजी न्यायला आलीच. तेव्हापासून बायका ते शब्द फक्त मनात म्हणू लागल्या. मुर्वानीला तेही ऐकू यायचं.

लोक म्हणायचे, असं पोर घरात ठेवावं. ती त्याला कुठे नेत नव्हती ते विचारा! रविवारी एका मोटरसायकलवर चौघं: पुढे सेकार उभी, मग नवरा सुगेंग, मध्ये गिलांग चेपलेला, मागे मुर्वानी आणि तिची ती पिशवी, ज्यात भात, टॉवेल, सुके कपडे, पंखा, सगळा संसार. समुद्रावर गेले, जत्रेत पाळण्यात बसले. प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यासमोर एक अख्खं कुटुंब माकडं सोडून गिलांगकडेच बघत उभं राहिलं. मुर्वानी त्यांना म्हणाली, "माकडं तिकडे आहेत. इकडे बघायचं तर वेगळं तिकीट लागेल." हे मला सुगेंगने सांगितलं, मान खाली घालून. बिचारा पंक्चर काढतो, हवा भरतो. भांडण म्हटलं की त्याची स्वतःची हवा जाते.

मग मुर्वानीला तिसऱ्यांदा दिवस गेले. पोट दिसायला लागलं तशी तिची सासू पाइनेम डोंगरातल्या गावाहून, वोनोसारीहून, कसावाची टोपली घेऊन आली. बाई वाईट नव्हती. आल्या आल्या तिने इस्त्रीचा ढीग स्वतःकडे ओढला, सेकारच्या उवा काढल्या. गिलांगलाही जवळ घ्यायची, पण घेताना सुनेच्या पोटाकडे बघायची.

एका संध्याकाळी तीच त्याला भरवायला फाटकावर आली. "हा घास वोनोसारीच्या गाडीचा," म्हणाली. गिलांगने रुळांवर इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तोंड घट्ट मिटून बसला. वोनोसारीला रेल्वेच नाही! फसवतेस होय त्याला? मी हसून हसून कढईत पडायची राहिले. पाइनेम नाही हसली. थोर बाईला आमच्याकडे बू किंवा इबू, म्हणजे आई, म्हणतात; तिने मला तशीच नावाने हाक मारली.

"बू काम्सी," ती माझ्याजवळ स्टुलावर बसली, "माझी सून तुमचं ऐकते. तिला समजवा. बाळ होईपर्यंत हा माझ्याकडे गावी राहू दे. दिवसरात्र डोळ्यांसमोर हाच राहिला तर येणारं बाळही ह्याच्यावरच जाईल."

"आणि त्याला घास कोण भरवणार, बू? तिथे गाडी नाही."

"भूक लागली की खाईल."

मला तिचा रागही येईना. तिच्या स्वरात दुष्टपणा नव्हता, नुसती भीती होती. पण भीतीने माणूस जे करतो ते दुष्टपणापेक्षा काही कमी नसतं, हे मी या स्टुलावरून पुष्कळ बघितलंय. मी म्हटलं, "मी भजी समजावू शकते, मुर्वानीला नाही."

शेवटी तिने स्वतःच सुनेसमोर विषय काढला. गल्लीभर ऐकू गेलं.

"बाळ भावावर जाईल, कळत कसं नाही तुला?"

"मग भावावर नाही जाणार तर कोणावर जाईल इबू, शेजाऱ्यावर?"

शेजारी दार लावून आत गेला. हसू कोणालाच आवरेना, पण घरात कोणी हसत नव्हतं. सुगेंग मधेच म्हणाला, आईचं मन राखू या, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न. मुर्वानी त्याच्याशी बोलायची बंद झाली. रोज फाटकावर यायची, भरवायची आणि पोट पुढे काढून, गिलांगचा हात त्या पोटावर ठेवून बसायची. ज्यांना बघायचं त्यांनी बघा.

सातव्या महिन्याचं न्हाण ठरलं. सात विहिरींचं पाणी, त्यात गुलाब-मोगरा, आणि सात थोर बायका नारळाच्या करवंटीच्या ओगराळ्याने एकेक करून गर्भारणीवर ओततात. ओतणारीची पोरंबाळं सुखरूप असावी लागतात, तिचं नशीब पाण्यातून बाळाकडे जातं म्हणून. सासूने सगळं हौसेने मांडलं. फक्त एक गोष्ट तिने सुगेंगकडून आधीच कबूल करून घेतली होती. न्हाणाच्या वेळी गिलांग समोर नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो तिच्याबरोबर गावी जाईल. त्याच्या कपड्यांची पिशवीही तिने भरून दाराआड ठेवली होती. मुर्वानीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी सुगेंग गिलांगला घेऊन माझ्या टपरीवर आला. "बुदे, जरा वेळ ठेवा. गाड्या बघायचं म्हणून रडतोय."

पोर रडत नव्हतं. अंगात नवाकोरा बाटिकचा सदरा, केसांना तेल, गालावर पावडर. फाटकावर यायला कोणी पोराला असं नटवतं? आईने त्याला न्हाणासाठी तयार केलं होतं.

"सुगेंग," मी झारा खाली ठेवला, "तू बाप आहेस की टपालवाला? इथून तिथे नुसता पोचवतोयस."

बसचं तेवढं तोंडातून निघून गेलं त्याच्या, आणि डोळे पुसत परत गेला. मी गिलांगला भजी दिली. सोलोची गाडी आली, गेली. गिलांगने हातही वर केले नाहीत. मालगाडी गेली. सगळी पोरं आ वासून घास घेत होती आणि हा तोंड मिटून गल्लीच्या वळणाकडे बघत बसला. मी त्याला म्हटलं, "चल, तुला घरी नेते, मग काय व्हायचं ते होऊ दे," आणि स्टोव्ह बंद करायला वाकले.

इतक्यात वळणावर गलका झाला.

तिकडे काय झालं ते शेजारणीने मला नंतर सांगितलं. मुर्वानीने दर ओगराळ्याला विचारलं, गिलांग कुठाय? येईल, येईल, म्हणत सहा झाले. सातवा घ्यायला सासू स्वतः पुढे आली. मुर्वानीने तिचं मनगट धरलं. "सातवा गिलांगचा."

"तो नाहीये इथे."

मुर्वानीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने दाराकडे पाहिलं, दाराआड पिशवी होती. तिने ती पाहिली, नवऱ्याकडून फाटकाचं आणि उद्याच्या बसचं वदवून घेतलं, आणि उठली.

आणि आता ती माझ्यासमोर येत होती. काखेपर्यंत गुंडाळलेलं ओलं लुगडं, गळ्यात मोगऱ्याचे हार, केसांतून पाणी गळतंय, पाय अनवाणी, एका हाताने पोट सावरलेलं, दुसऱ्या हातात ओगराळा. मागे पाण्याची घागर उचलून सुगेंग. घागर त्याने स्वतः होऊन उचलली होती, एवढं त्याच्या नावावर लिहा. त्याच्या मागे सासू, आणि सासूमागे अख्खी गल्ली.

मुर्वानी माझ्या बाकावर बसली. गिलांग तिच्याकडे धावला. तिने त्याच्या हातात ओगराळा दिला.

"ओत, बाळा. माझ्या डोक्यावर. तुझ्या भावंडाला आंघोळ घाल."

"मुर्वानी!" सासू ओरडली. "पोटातल्याचा तरी विचार कर!"

"त्याचाच करतेय इबू. त्याला आत्ताच कळू दे तो कुठल्या घरात येतोय. इथे पोरं दाराआड ठेवत नाहीत. मला हे पोर लपवायचं नाही, आणि पुढचंही लपवायचं नाही, मग ते कसंही येवो. तुम्हाला बस पकडायची तर पकडा. पिशवी भरलेली आहेच."

गिलांगने घागरीत ओगराळा बुडवला. निम्मं पाणी वाटेतच सांडलं, उरलेलं त्याने आईच्या डोक्यावर रिकामं केलं. मुर्वानी डोळे मिटून हसली. तेवढ्यात सुराबायाची गाडी आली! गिलांगला आनंद आवरेना. त्याने पुन्हा ओगराळा भरला आणि हात वर करून असा भिरकावला की ते सगळं पाणी, फुलांसकट, आजीच्या तोंडावर. इंजिनवाल्याने भोंगा वाजवला. पाइनेम चिंब भिजून उभी, भुवईवर गुलाबाची पाकळी.

गाडी गेली. कोणी हसावं की नाही, कळेना. त्या शांततेत गर्दीतली एक नवी भाडेकरू पोरगी, चारेक महिन्यांची पोटुशी असेल, पोटावर हात फिरवत पुटपुटली, "आमित-आमित…"

मुर्वानी उठायच्या आत पाइनेम वळली होती.

"काय म्हणालीस?" तिचा आवाज रुळांपलीकडे गेला. "मोठ्याने म्हण! माझ्या नातवाला बघून म्हणतेस? माझ्यासमोर?"

पोरगी पळाली. हे शब्द पाइनेमनेही आयुष्यभर म्हटले असतील, या पोराला बघूनसुद्धा. पण आपल्या मनात म्हणणं वेगळं, आणि लोकांच्या तोंडून ऐकणं वेगळं. ती मटकन माझ्या स्टुलावर बसली. मी तिला गरम भजी दिली. तिने तिचा तुकडा मोडून, फुंकून गिलांगपुढे धरला आणि रुळांकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने सोलोहून येणारी गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "हा घास सोलोच्या गाडीचा." गिलांगने तोंड उघडलं.

मुर्वानी मात्र लगेच विरघळली नाही. "इबू, पिशवीतले कपडे परत फळीवर ठेवा. घड्या करून," एवढंच म्हणाली. सासूने ठेवले.

बाळ झालं, त्यालाही आता महिना होत आला. रोज कोणी ना कोणी टपरीवर येतं, भजी निवडल्याचं सोंग करतं आणि हळूच विचारतं, "बुदे, बाळ बरं आहे ना? म्हणजे… नीट आहे ना?" मी पाहिलंय बाळ, मांडीवर घेतलंय. पण मुर्वानीने काय सांगायचं ते मला पढवून ठेवलंय, आणि मी तेच सांगते.

"भावावर गेलंय."

त्यांचा चेहरा पडतो. मग हळूच माझ्या तोंडाकडे बघतात, मी थट्टा करतेय की खरं सांगतेय. मी टेम्पे उलटते. अजून कोणी विचारलंच तर म्हणते, बघायचं असेल तर संध्याकाळी फाटकावर या. आजी घेऊन येते त्याला, सगळ्यांच्या पुढे बसते. मात्र हात पोटावरून खाली ठेवून या, म्हातारीचे कान फार तिखट आहेत.