दाराच्या फटीतली काडी

नवख्या माणसाला कॉम्प्युटरवरचा गोष्टीचा गेम निवडून देणं लोकांना वाटतं तेवढं सोपं नाही. आमच्या लॅबमधली पोरं कोणाच्याही हातात पहिल्याच दिवशी बंदूक देतात, आणि तो बिचारा दोन-तीनदा मेला की "तुमचं काम नाही हे" म्हणून मोकळी होतात. माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी स्वतः चाळिशीनंतर या नादाला लागले, तेव्हा माझ्या अटी पक्क्या आहेत. धावपळ नको, घड्याळ नको, चुकलं म्हणून मरण नको. सगळं नुसत्या माऊसवर चाललं पाहिजे. आणि पुढं काय झालं हे कळल्याशिवाय जेवण गोड लागू नये, अशी गोष्ट हवी. एवढं मला कळत होतं. गेम निवडण्याआधी माणूसही नीट बघावा लागतो, हे खालच्या खोलीतल्या मुलीमुळं कळलं, आणि तेव्हापासून मी माझ्या घराचं दार उघडताना आधी खाली बघते.

मी मूळची नाशिकची. सिल्वासात एका कंपनीच्या लॅबमध्ये धाग्याची तपासणी करते आणि नरोलीच्या रस्त्यावर एका घराच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. खाली मालकानं ओळीनं खोल्या काढल्यात, कामगारांना भाड्यानं द्यायला. पाण्याच्या मोटरचं बटण मात्र माझ्या स्वयंपाकघरात आहे. असं का, ते मालकालाच ठाऊक. त्यामुळं टाकी रिकामी झाली की खालचं कोणीतरी वर येतं. एका शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, कोपऱ्यातल्या खोलीतली नवी बिऱ्हाडकरीण आली. शिरपूरकडची, पंचविशीच्या आतबाहेरची. नवरा नरोलीच्या एका प्लास्टिकच्या कंपनीत मशीनवर होता. मी मोटर लावून येईपर्यंत ती माझ्या कॉम्प्युटरसमोर जाऊन उभी राहिली होती.

"पिक्चर लागलाय का, ताई?"

"पिक्चर नाही, गेम आहे. आपण सांगू तसं ही बाई करते."

"आपण सांगू तसं?" ती म्हणाली. "आणि आपण म्हटलं जा, तर तिला जाता येतं?"

मला प्रश्न गमतीचा वाटला. मी तिला बस म्हटलं.

पहिला गेम मी विचार करून काढला. तिला इंग्रजी अक्षरं लावून वाचता यायचं, पण भराभर नाही. म्हणून एकही शब्द नसलेला, एका बेटावरच्या म्हाताऱ्या पोस्टमनचा. घरोघर जायचं, लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायच्या. माऊस हातात बसायला तिला फार वेळ लागला नाही. अडली ती भलत्याच ठिकाणी. पोस्टमनला कोणाच्या घरात नेलं की आधी ती दाराशी चपला किती आहेत ते बघायची. पुरुषाच्या चपला असल्या तर आत शिरायचीच नाही. कपाट उघडलं की पुन्हा लावायची. उशी उचलली की होती तशी ठेवायची.

"अगं, गेम आहे हा," मी हसत म्हटलं. "इथं कोण तपासायला येणार आहे?"

"येतात ना ताई," ती म्हणाली. "तपासतात."

मी पुन्हा हसले. शिरपूरकडची माणसं टापटिपीची असतात, असं काहीतरी मनाशी ठरवून टाकलं.

त्यानंतर दर शुक्रवारी ती येऊ लागली. नवरा तेव्हा कामावर असायचा. तिची गोडी वाढली तसा मी दुसरा गेम काढला. एक मोठं घर, नवरा बाहेरगावी गेलेला, बायको एकटी, आणि माडीवरची एक खोली कुलूपबंद. बायकोनं ती खोली उघडायची. मला त्या किल्लीनं रडकुंडीला आणलं होतं. स्वयंपाकघरातला डबा न् डबा मी पालथा घातला होता. तीच मजा तिची बघावी म्हणून मी शेंगदाणे घेऊन शेजारी बसले, आणि मुद्दाम तिला स्वयंपाकघराकडं नेलं.

"डब्यांत कशाला, ताई? डबे तर बाईचे," ती म्हणाली, आणि थेट न्हाणीघरात गेली. आरशाखाली नवऱ्याच्या दाढीच्या सामानाचा डबा होता. तिनं तो उघडला. किल्ली त्यात होती.

"तुला कसं कळलं?"

"दाढीच्या सामानाला बाई कशाला हात लावंल? तो रोज हात लावतो आन् ती लावत नाही, अशा जागी ठेवतात."

मी शेंगदाणे खाली ठेवले. विचारू की नको असं झालं, पण विचारलं. "तुमच्या कपाटाची किल्ली कुठं असते?"

"ह्यांच्या करदोड्याला. आंघोळीला पण काढत नाही." ती स्क्रीनवरून नजर न हलवता बोलत होती. "माझं आधार कार्ड, दहावीचं सर्टिफिकेट, फोन, आईनं दिलेली पोत, समदं त्यात आहे. इथं चोऱ्या फार होऊ राहिल्या म्हणतात ना, म्हणून."

मग तिनं माडीवरची खोली उघडली, आतलं सगळं पाहिलं, पुन्हा कुलूप लावलं आणि किल्ली दाढीच्या डब्यात परत ठेवून आली. गेमला त्याची काही गरज नव्हती.

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्याच घरात होतो. खाली मोटरसायकल थांबली. ती दचकली नाही, तिचा माऊसवरचा हात तेवढा अलगद मांडीवर आला. जिन्यावर पावलं वाजली. तिचा नवरा दारात उभा. अंगानं किरकोळ, नीट भांग पाडलेला, बोलणं अगदी साखर पेरल्यासारखं.

"माफ करा हं ताई. लाइन बंद पडली, सुपरवायझरनं छुट्टी दिली. म्हटलं, ही दिसत नाही घरात."

"मोटरसाठी आले होते," ती म्हणाली.

तो आत येऊन बसला. बोटांत आगपेटीची एक काडी घेऊन तो ती सारखी फिरवत होता. मला वाटलं, दात कोरतो. स्क्रीनवर ती बाई पुढच्या दाराशी उभी होती.

"ही कुठं निघाली?" त्यानं विचारलं.

"कुठं नाही," ती म्हणाली. "घर झाडू राहिली."

"मला पण दाखवा ना, ताई." त्यानं माऊस घेतला. नवखा माणूस आधी इकडं तिकडं भटकतो, वस्तू बघतो. यानं तसलं काही केलं नाही. त्या बाईला दारापासून मागं फिरवलं आणि एकेका खिडकीशी नेऊन सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. त्या लावता येतात हे मला तोवर माहीतसुद्धा नव्हतं. "उघड्याच ठेवलेल्या," तो हसून म्हणाला. जाताना माझ्या दाराच्या कडीकडं बघत बोलला, "तुम्ही पण एकट्या राहता ना. दार नीट लावत जा."

त्यानंतर बरेच शुक्रवार ती आली नाही. मोटर लावायला दुसऱ्याच खोलीतली म्हातारी यायची. आली तेव्हा उन्हाळ्याच्या उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली, आणि चहाचा कप घेताना बाही वर सरकली. मनगटाच्या वर भाजल्याची खूण होती. चौकीत जाऊ म्हटलं, माझ्यासोबत चल म्हटलं, त्याच्या कंपनीत जाऊन तमाशा करते म्हटलं. तिनं मला बोलू दिलं.

"माहेरी एकदा गेले होते, ताई. बापानं चार दिवसांत आणून सोडलं. चौकीतून पण परत इथंच आणून सोडतील." मग तिनं काडीचं सांगितलं. त्यानं खोलीच्या दाराची आतली कडी केव्हाच काढून टाकली होती, स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. बाहेरून कुलूप लावलं तर शेजारपाजारचे बोलतील, म्हणून अलीकडं कामावर जाताना तो दाराच्या फटीत आगपेटीची काडी अडकवून जायला लागला होता. दार उघडलं की काडी पडते. त्या दिवशी त्याला ती उंबऱ्यावर पडलेली सापडली होती.

"मग आज कशी आलीस?"

"शिकले ना. वरच्या भोकाच्या रेषेत, काडीचा गूल बाहेरच्या अंगाला. जाताना बाहेरून लावता येते, परत आल्यावर आतून." तिचं तिलाच हसू आलं. "तुमच्या पोस्टमनवर हात बसला माझा."

तिला कुठं जायचं ते तिनं ठरवलेलं होतं. शाळेतली एक मैत्रीण एका गावात नर्स होती, तिचा नंबर पाठ होता. गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. अडचण एकच होती. ती आयुष्यात कधी एकटी एसटीत बसली नव्हती. सिल्वासाला आणली तीसुद्धा दिराच्या गाडीतून, डोक्यावर पदर ओढून. वापीचं स्टेशन कुठल्या अंगाला आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

मग मी तिसरा गेम निवडला, आणि आयुष्यात एवढ्या काळजीनं कधी काही निवडलं नसेल. एका मुलीच्या प्रवासाचा. गावं बदलायची, पाट्या वाचायच्या, तिकीट काढायचं, अनोळखी माणसांशी बोलायचं. कोणी काही विचारलं की तीन उत्तरं समोर येतात, त्यातलं एक द्यायचं. मी मराठीत सांगत जायची, ती निवडायची. पहिल्यांदा "कुठं चाललीस?" म्हणून एका बाईनं विचारलं, तर हिनं सगळं खरं सांगून टाकलं आणि पुढच्याच गावात मुलीला न्यायला तिचा काका येऊन उभा. ती इतकी घाबरली की खुर्चीवरून उठली. मी तिला परत बसवलं. मध्येच गेम थांबवून मी वापीच्या शेअर रिक्षा कुठं मिळतात, खिडकीवर काय म्हणायचं, डब्यात कुठं बसायचं, ते सांगायची. माझा जुना फोन देऊ केला, तर ठेवायला जागा नाही म्हणाली, मग लॅबचा नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला. हळूहळू तिला ती उत्तरं जमायला लागली.

"खोटं नाही बोलायचं," एकदा ती म्हणाली, "खोटं लक्षात ठेवावं लागतं. खरंच बोलायचं, पण अर्धं."

ती कधी जाणार हे तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एका मंगळवारी मी कामावरून आले तर तो माझ्या दारासमोर पायरीवर बसला होता. भांग विस्कटलेला होता. मी पहिल्यांदाच त्याला तसा पाहिला.

"ताई, ती आहे का वर?"

"मी आत्ताच तर येतेय."

"कपाट रिकामं आहे," तो म्हणाला. माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होता. "कुलूप तसंच. किल्ली माझ्या कमरेला, गाठ पण तशीच. सकाळी निघालो तेव्हा चहा केला तिनं. आन् आलो तर दाराला काडी पण तशीच..."

तो थांबला.

"कसली काडी?" मी विचारलं.

मनातून मला असा आनंद झाला की तो लपवायला मला पिशवीत किल्ली शोधत बसावं लागलं. झोपलेल्या माणसाच्या कमरेची गाठ सोडून कपाट रिकामं करून लावायचं, गाठ पुन्हा तशीच बांधायची, सकाळी त्याला चहा द्यायचा, आणि निघताना काडी फटीत बसवायची. सगळं होतं तसं ठेवून ती गेली होती.

"कुठं गेली ती?" त्यानं विचारलं. आवाजातली साखर संपली होती. गेममध्ये इथं तीन उत्तरं समोर आली असती आणि हवा तेवढा वेळ मिळाला असता. तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"मी सकाळपासून कंपनीत होते," मी म्हटलं. खरंच होतं ते.

त्या आठवड्यात लॅबच्या फोनवर मला कोणीतरी बोलावलं. मी फोन कानाला लावला. "ताई, पोचले," ती म्हणाली. मागं कुकरची शिट्टी वाजली. "इथं दाराला आतून कडी आहे." मी काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला. मी लॅबच्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत धागा तपासायला बसले.

तो अजून खाली राहतो. बायको माहेरी आजारी आईकडं गेलीय, असं सगळ्यांना सांगतो. मला दिसला की अजून 'ताई' म्हणून हात जोडतो. आणि रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर मी कुलूप काढून दार ढकलते, तेव्हा माझ्या पायाशी आगपेटीची एक काडी पडते. मी गेल्यावर तो वर येऊन लावून जातो. त्याला वाटतं, ती माझ्या घरात आहे, किंवा मी नसताना इथं येते.

मला भीती वाटते. खोली बदल म्हणून लॅबमधले मागं लागलेत, आणि रात्री मी कडी लावून दारामागं खुर्ची टेकवते. पण तो इथं काड्या लावत बसलाय तोवर त्याला खरी जागा माहीत नाही, एवढं मला कळतं. म्हणून दर शुक्रवारी तो कामावरून आला की मी दोन कप चहा करते. गेम लावते, आवाज मोठा ठेवते, मध्येच कोणाशी तरी बोलल्यासारखी बोलते. मग दोन्ही कप विसळून गॅलरीच्या कठड्यावर पालथे घालते, खालून त्याला दिसतील असे.