शनिवारचं लिंबू

आमच्या गाडीतला गॅस जातो कुठे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दीड महिन्यात दोनदा भरला. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस एसी झकास चालला आणि मग एका सकाळी भसकन गरम हवा तोंडावर. वैशाख लागला होता. बाबांना श्वासाचा आजार. दर पंधरा दिवसांनी त्यांना पवनीहून नागपूरला न्यायचं, आणि डॉक्टरची वेळ नेमकी भर दुपारची. मागच्या खेपेला उमरेडच्या अलीकडे त्यांची मान एकदम छातीवर पडली. ओठ काळेनिळे. मी पळसाखाली गाडी थांबवली, बाटलीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. मी रडत होते आणि रडतारडता त्या मेल्या गाडीला शिव्या घालत होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, अशा उन्हात असं आणाल तर एक दिवस इथवर पोचणार नाहीत. आणि आता पुढची तारीख नऊ दिवसांवर आली होती.

एसीवाल्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, कंडेन्सरच बदलवा लागते."

"लिकेज दिसलं का तुले?"

"दिसलं नाही. पण सगळे बदलवतेत."

माझं डोकंच फिरलं. मी साडीच्या दुकानात बसणारी बाई. डाग कुठे आहे ते न दाखवता अख्खी साडी बदलून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी काय ऐकवते, ते त्याला जसंच्या तसं ऐकवलं. तेवढे पैसे असते तर गोष्ट वेगळी, पण नव्हते. घरी साबणाचा फेस करून मी प्रत्येक जोडावर लावून पाहिला होता, एक बुडबुडा आला नव्हता.

शेवटी त्याने स्वस्तातला रस्ता काढला. थोडा गॅस भरायचा आणि सोबत रंग सोडायचा. जिथे बारीक भोक असेल तिथून तेलाबरोबर रंग बाहेर येतो आणि चिकटून बसतो. साध्या उजेडात तो कळत नाही, जांभळ्या उजेडात हिरवा पेटतो. "चार दिवस चालवा अन् अंधारात टॉर्च मारून पाहा," म्हणाला. तसला टॉर्च माझ्या दुकानाच्या गल्ल्यात होताच, नोटा तपासायचा.

अंधारही घरचाच होता. गाडी आम्ही मागाच्या खोलीत लावतो. बाबांनी हातमाग विकले तेव्हा भिंत फोडून रस्त्याकडे मोठं दार बसवलं, घराकडचं जुनं दार तसंच राहिलं. दारं लावली की भर दुपारीही आत हाताला हात दिसत नाही. मागांची जागा तेलाने काळी पडलेली आहे आणि कोपऱ्यात आईचा रहाट आहे, ज्यावर ती जन्मभर सुताच्या कांड्या भरत आली. तो तेवढा बाबांनी विकू दिला नाही. आई जाऊन सहा महिने झाले होते.

आता लिंबाचं सांगते. दर शनिवारी सकाळी गाडीला ताजं लिंबू, सात मिरच्या आणि बिब्बा बांधलेला असायचा. हे आईचं काम होतं. बाकीचे लोक बाहेर लटकवतात, पण आमच्या गल्लीतल्या बकऱ्या हरामखोर, मिरच्या ओरबाडून खायच्या. म्हणून आई समोरच्या तुटक्या जाळीतून हात घालून आत कुठेतरी तांब्याच्या तारेने पक्कं बांधायची. आई गेली आणि लिंबू येतच राहिलं. पहिल्यांदा मला वाटलं, शेजारच्या काकू. त्या आमच्याकडे दोन वेळचा स्वयंपाक करतात.

"मी कायले बांधू वो?" काकू म्हणाल्या. "मले खाली बसता येते का तिथं?" आणि मग आवाज हळू करून म्हणाल्या, "मी त समजत होती, तूच बांधतेस."

बाबांना विचारलं तर ते वर न पाहता म्हणाले, "ते काम तुझ्या आईचं आहे." मला तो टोमणाच वाटला. आईच्या मागे मी घरचं काही करत नाही, असंच म्हणायचं असेल. पुढच्या शनिवारी रागारागात ते लिंबू तोडून उकिरड्यावर फेकलं. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरं होतं, तसंच पिवळंजर्द, दवाखान्यातून आणल्यासारखं स्वच्छ पुसलेलं. आणि दुपारी कधी दुकानातून लवकर आले की मागाच्या खोलीतून रहाटाची कुरकुर ऐकू यायची. दार उघडेपर्यंत बंद. उंदीर असतील, असं मी काकूंना सांगितलं. उंदीर चाक फिरवत नाहीत हे मलाही कळत होतं. पण त्या खोलीत एकटीने जायला मी टाळू लागले, हे खरं.

चौथा दिवस नेमका शनिवार आला. भर बारा वाजता मी आत गेले, दार लावून घेतलं, बॉनेट उघडलं आणि टॉर्च पेटवला. कॉम्प्रेसरजवळ काही नाही. जोडांवर काही नाही. मग जाळीतून खाली उजेड टाकला आणि अंगावर सर्रकन काटा आला. लिंबाच्या मागे, आडव्या नळीवर, हिरवागार डोळा पेटावा तसा ठिपका होता. आईची तार तिथेच, त्याच नळीला गुंडाळलेली. वर्षानुवर्षं लिंबाचा रस त्या ॲल्युमिनियमवर गळला होता, वरून तांब्याची तार घासत होती. नळी खाऊन टाकली होती त्याने. जे नजर लागू नये म्हणून बांधलं, तेच गाडीला लागलं होतं. फेस तिथवर पोचलाच नव्हता, कारण ते दुसरं लिंबू आल्यापासून त्याला हात लावायची माझीच हिंमत होत नव्हती.

टॉर्च मागे वळवला आणि मी तिथेच थिजले. हिरवं तिथेच थांबलं नव्हतं. बंपरवर बोटं उमटली होती. भिंतीवर, कोणीतरी आधार घेत गेल्यासारखी, एकापुढे एक, खाली खाली. ती कोपऱ्याकडे गेली होती. रहाटाची मूठ अख्खी हिरवी पेटलेली होती.

तेवढ्यात मागे घराकडचं दार करकरलं.

"काय शोधून राहिली, बाई?"

बाबा होते. त्यांनी दार मागे लोटून घेतलं होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. त्यांनी हात पुढे केला आणि टॉर्चच्या झोतात फक्त तीन हिरवी बोटं माझ्याकडे आली.

"बाबा, लिंबू तुमी बांधता?"

"मी नाही. तुझी आई बांधते." अगदी साध्या आवाजात, जेवलीस का विचारावं तसं. "आताच त गेली आतमधी. भेटली नाही तुले?"

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझ्या बापाची भीती वाटली. मी टॉर्च विझवला. मग काही दिसेना, फक्त त्यांचा घरघरता श्वास ऐकू येत होता, आणि हळूहळू भीती ओसरून मला कळत गेलं. दीड महिना मी गाडीतला गॅस कुठे जातो ते शोधत होते. बाबा कुठे चाललेत, ते मी सहा महिन्यांत पाहिलंच नव्हतं.

त्यांना मोरीवर नेलं, साबण लावून बोटं धुतली. तीन वेळा धुवावी लागली. धुताधुता म्हणाले, "तिले रागवू नको." मी म्हटलं, "नाही रागवत. पण तिले सांगा, आता जाळीत नको बांधू म्हणा. आत, आरशाले बांध. नळी खराब होते."

"सांगतो," बाबा म्हणाले.

मिस्त्रीने नळीचा खाल्लेला तुकडा कापला, नळी भंडाऱ्याला नेऊन दुसरा तुकडा झाळून जोडून आणली, जोडाचे रबर बदलले, हवा ओढून गॅस भरला. कंडेन्सर जुनाच राहिला. पण लिंबू त्याने काही केल्या हातात घेतलं नाही, म्हणाला, "ते तुमीच काढा ताई." मीच काढलं.

तारखेच्या दिवशी निघालो तेव्हा आरशाला नवं लिंबू होतं. नुसता दोरा, तार नाही. निरोप पोचला होता.

उमरेडच्या अलीकडे तो पळस आला. माझा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला, डोळा बाबांच्या ओठांवर. ओठ ठीक होते. एसी मस्त चालत होता, काच गार लागत होती. बाबांनी डोळे उघडले, खांद्यावरचा दुपट्टा काढला, मागे वळले आणि तो रिकाम्या सीटवर नीट पसरून पांघरला.

"तिले थंडी लागून राहिली," ते मला म्हणाले.

मी आरशात पाहिलं नाही. पंखा एक नंबरवर आणला.